जेरबंद झाल्यानंतरची पंधरा वर्षं

दिवसाला १० किलो, आठवड्यातून सहा दिवस, वर्षाचे ५२ आठवडे. गुणाकार येतो ३,१२० किलो. पूर्ण वाढलेल्या एका वाघाला बंदिवासात वर्षभर लागणारं हे हाडासकट मांस. चार-पाच वर्षांचा वाघ पकडला आणि नीट सांभाळला, तर पुढची पंधरा वर्षं तो सहज काढतो. म्हणजे एका वाघामागे साडेसेहेचाळीस टनांहून जास्त मांस. पेपरातली बातमी मात्र 'अखेर जेरबंद' या दोन शब्दांवर संपते. पिंजरा गाडीवर चढला, गर्दी पांगली, की त्या वाघाचं पुढे काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही.

नागपूरकरांना हा प्रश्न जरा जवळचा आहे, कारण ती गाडी बहुतेक वेळा आपल्याच शहरात येते. ऑक्टोबर २०२२मध्ये गडचिरोली जिल्ह्यात वडशाजवळ सीटी-१ हा वाघ पकडला. तेरा माणसांचे जीव त्याच्या नावावर होते. त्याची रवानगी काटोल रोडवरच्या गोरेवाड्याला झाली. विहिरीत पडलेले, फासात अडकलेले, ऊसतोडीत आईपासून तुटलेले बिबटेही राज्यात अशाच केंद्रांमध्ये पोहोचतात. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळचं माणिकडोह हे त्यातलं जुनं नाव.

शब्दांचा घोळ आधी निस्तरू

'अभयारण्य' म्हणजे कायद्याने जाहीर केलेलं जंगल. तिथले प्राणी मोकळे असतात. प्राणिसंग्रहालय लोकांना दाखवण्यासाठी असतं. बचाव केंद्र, म्हणजे आपण सरसकट ज्याला रेस्क्यू सेंटर म्हणतो, ते या दोन्हींपेक्षा वेगळं. तिथे तिकीट नसतं, प्रदर्शन नसतं आणि पिल्लं जन्माला घालायची नसतात. गोरेवाड्यात २६ जानेवारी २०२१ला सुरू झालेली सफारी आणि त्याच १,९१४ हेक्टरांमधलं बचाव केंद्र या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सफारीच्या बसमधून दिसतो तो प्रदर्शनासाठी ठेवलेला वाघ. मागे, रस्त्यावरून न दिसणाऱ्या पिंजऱ्यांत असतो तो बचावलेला. सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर हे तिसरंच प्रकरण. ते वन विभागाचं दवाखाना-कम-मुक्कामाचं ठिकाण. जखमी प्राणी तिथे बरा करून शक्य तेव्हा परत सोडतात.

सेवाभावी संस्थेलाही बचाव केंद्र चालवता येतं. पण मनात आलं आणि शेतात पिंजरे लावले, असं होत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि वाघ-बिबट्या संस्थेच्या मालकीचा कधीच होत नाही. तो सरकारचाच. संस्था फक्त सांभाळणारी. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला पकडायचं नाही, हलवायचं नाही, दुसऱ्या केंद्राला द्यायचंही नाही.

परदेशातल्या वाघ-सिंहांची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत वर्षानुवर्षं कुणीही परसात वाघ पाळू शकत होता. १८ ऑक्टोबर २०११ला ओहायोतल्या झेन्सव्हिल गावाजवळ एका मालकाने आपले प्राणी मोकळे सोडून स्वतःला संपवलं, आणि पोलिसांना अंधारात १८ वाघ आणि १७ सिंह गोळ्या घालून मारावे लागले. वाघ-सिंह खासगीत पाळायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा तिथे व्हायला २० डिसेंबर २०२२ उजाडलं. तिथल्या ना-नफा आश्रयस्थानांत जनावरं आली ती अशा परसांतून, रस्त्याकडेच्या प्राणिप्रदर्शनांतून आणि पिल्लांबरोबर फोटो काढून देण्याच्या धंद्यातून.

आपल्याकडे ती गर्दी सर्कशीतून आली. १९९८मध्ये केंद्राने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळ करायला लावण्यावर बंदी घातली, २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग शेकडो जनावरं एकदम बेघर झाली. त्यांच्यासाठी विशाखापट्टणम, तिरुपती, बंगळूरजवळचं बन्नेरघट्टा, चेन्नईचं वंडलूर, जयपूर, भोपाळ इथे केंद्रं उभी राहिली. त्यातले बरेचसे सिंह आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांच्या संकराचे होते. हे सिंह आफ्रिकेत सोडता येत नाहीत, गीरमध्ये तर नाहीच नाही, कारण तिथला शुद्ध वंश बिघडेल. मरेपर्यंत सांभाळणं एवढाच मार्ग उरतो.

पुन्हा जंगलात का सोडत नाहीत?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि तो रास्त आहे. फासातून सोडवलेला धडधाकट बिबट्या लगेच, जवळच्याच जंगलात सोडला जातो, तेच योग्य. अडतं ते तीन प्रकारच्या जनावरांवर. माणसावर वारंवार हल्ला केलेलं. अपंग किंवा सुळे तुटलेलं. आणि आईविना वाढलेलं.

यातली आईविना वाढलेली पिल्लं लोकांना सगळ्यात सोपी वाटतात. अवनी वाघीण नोव्हेंबर २०१८मध्ये यवतमाळ जिल्ह्यात मारली गेली. तिचं मादी पिल्लू डिसेंबरमध्ये पकडून पेंचमध्ये मोठ्या बंदिस्त जागेत ठेवलं. माणूस दिसू द्यायचा नाही, शिकार स्वतः करू द्यायची, असं दोन वर्षांहून जास्त चाललं. पीटीआरएफ-८४ या नावाने मार्च २०२१मध्ये ती मोकळी झाली, आणि त्याच महिन्यात दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत जखमी होऊन मेली. शिकार कशी करायची ते तिला येत होतं. ज्या भागात पाऊल टाकलं तो कुणाचा आहे, त्याच्या वाटेतून कसं सटकायचं, हे मात्र कुंपणाच्या आत शिकवता येत नाही. विदर्भात आज मोकळं जंगल म्हणजे कुणाचं तरी घर असतंच.

सुळ्यांचंही एक सांगायला हवं. बिबट्या सापळ्याच्या पिंजऱ्यात अडकला की गज चावतो. सुळ्याचं टोक तुटतं, आतली नस उघडी पडते, मुळाशी पू होतो. वरून जनावर ठणठणीत दिसतं. महिनाभराने तो गाल सुजवून बसतो, मांस तोंडात घेतो आणि टाकून देतो. म्हणून सापळ्याच्या आत गजांऐवजी जाड पत्रा किंवा बारीक छिद्रांची जाळी लावणं आणि पिंजऱ्यावर लगेच ताडपत्री टाकणं हे महागड्या औषधांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. अंधारात बिबट्या शांत होतो. बघ्यांच्या मोबाइलचा फ्लॅश त्याला पुन्हा गजांवर धडकवतो.

घर: दोन दरवाजे, एक पाटी

प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्राणिसंग्रहालयात वाघाच्या जोडीला निदान १,००० चौरस मीटर उघडी जागा हवी, बिबट्याच्या जोडीला ५००. रात्रीची खोली वाघासाठी कमीत कमी २.७५ मीटर लांब, १.८० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. ही किमान मापं आहेत. एवढ्यावर भागवणारं केंद्र नियमात बसतं, चांगलं ठरतंच असं नाही. खोलीच्या पुढे एक छोटं अंगण असतं, त्याला प्राणिसंग्रहालयाच्या भाषेत क्राल म्हणतात, आणि त्यापुढे मोठी मोकळी जागा. वाघाच्या जागेभोवती साधारण ५ मीटर उंच जाळी, वरचा भाग आत झुकलेला. बिबट्याला वरूनही जाळी लागते, तो उभ्या जाळीवर मांजरासारखा चढतो.

आता दरवाज्याकडे जरा निरखून बघा, कारण या कामातली माणसं मरतात ती दरवाज्यामुळे. खोली आणि क्राल यांच्यामध्ये सरकता दरवाजा असतो, तो बाहेरच्या बोळातून दांड्याने किंवा तारेच्या दोराने चालवायचा. वर उचलायचा दरवाजा असेल तर दोर झिजतो, तुटतो, आणि दरवाजा शेपटीवर पडतो. आडवा सरकणारा असेल तर खालच्या पट्टीत हाडांचे तुकडे आणि चिखल साचतो. दरवाजा बंद झाल्यासारखा दिसतो, पण दोन बोटांची फट उरते. वाघाला तेवढी पुरते. तो नखं घालतो आणि ओढतो. म्हणून पट्टी रोज खरवडून काढायची, दरवाजा लावल्यावर आडवी खिटी घालायची, तिला कुलूप लावायचं, आणि मग दांडा उलट दिशेने जोरात ओढून बघायचा. शेवटची पायरी वगळली जाते आणि तिथेच अपघात होतो.

सकाळच्या सफाईचा क्रम असा. आधी मोजणी. जनावर डोळ्यांनी दिसलं पाहिजे, 'असेल आत' चालत नाही. मग त्याला मांसाच्या तुकड्याने किंवा हाकेने क्रालमध्ये घ्यायचं, दरवाजा, खिटी, कुलूप. दुसऱ्या माणसाने ते सगळं पुन्हा तपासायचं आणि भिंतीवरची पाटी हिरवीची लाल करायची. यानंतरच पहिला माणूस खोलीत पाय ठेवतो, आणि त्या खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. एकट्याने कधीच नाही. दिवाळीत, लग्नसराईत अर्धी माणसं रजेवर असतात तेव्हासुद्धा नाही. माणूस कमी असेल तर त्या दिवशी खोली धुवायची नाही, एवढं साधं आहे. अनुभवी माणूसच यात चुकतो. नवखा घाबरलेला असतो, चार वेळा कुलूप बघतो.

बोळात पिवळी रेघ मारलेली असते. गजापासून निदान एक मीटर, त्याच्या आत चालायचं नाही. दोन्ही बाजूंना खोल्या असतील तर बोळ तेवढा रुंदच बांधावा लागतो. डाव्या वाघापासून सरकताना माणूस उजव्याकडे टेकतो, हे नकाशा काढणाऱ्याला सुचत नाही.

बाहेरच्या कुंपणाचे शत्रू दोन: झाड आणि नाला. मे अखेरीस आपल्याकडे वादळं सुटतात, त्याआधी जाळीवर झुकलेली प्रत्येक फांदी छाटायची. आणि जिथे नाला जाळीखालून जातो तिथली लोखंडी झडप पावसात दर तासाला बघायची. पाला-प्लास्टिक अडकलं की पाण्याचा दाब कुंपणावर येतो, खांब वाकतो. उन्हाळ्यात कोरड्या नाल्याकडे बघून हे पटत नाही.

खाणं: नुसतं मांस म्हणजे अर्धपोटी जेवण

महाराष्ट्रात मार्च २०१५पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे मोठ्या मार्जारांचं, म्हणजे वाघ-सिंह-बिबट्यांचं, मुख्य अन्न म्हशी-रेड्याचं मांस. वाघ-सिंहाला साधारण ८ ते १२ किलो, बिबट्याला ३ ते ५ किलो, तेही हाडासकट. आठवड्यातून एक दिवस उपास. जंगलात वाघ रोज जेवत नाहीच, आणि बंदिवासातलं मुख्य दुखणं उपासमार नसून चरबी आहे.

हाडासकट का? कारण नुसत्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो, आणि शरीराला दोन्ही साधारण बरोबरीने लागतात. तूट भरायला शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं. कुणीतरी दया येऊन बिबट्याचं पिल्लू घरी ठेवतं, बोनलेस चिकन आणि दूध पाजतं. दोन महिन्यांत ते पिल्लू मागचे पाय ओढत चालतं आणि उडी मारताना मांडीचं हाड मोडतं. असं जनावर बचाव केंद्रात येतं तेव्हा त्याला मारहाण झाली असेल असं वाटतं. कुणी हातही लावलेला नसतो.

काळीज, म्हणजे यकृत, गरजेचं आहे, कारण मार्जारांना गाजर-पालकातल्या रंगद्रव्यापासून जीवनसत्त्व अ बनवता येत नाही. ते तयारच लागतं. पण आठवड्यातून एकदा, थोडंसं. आवडतं म्हणून रोज दिलं तर त्याच जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मानेचे मणके जुळून येतात. टॉरिन नावाचा घटकही मांसातूनच मिळतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून मांस तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवायचं नाही.

मांसाचा टब सकाळी येतो तेव्हा काय बघायचं: पशुवैद्यकाची तपासणी झाल्याचा शिक्का, वास, रंग, हाताला चिकटपणा. फोपसात किंवा काळजात पांढरट गाठी दिसल्या तर सगळा टब परत. ती क्षयाची किंवा पट्टकृमीच्या पुटकुळ्यांची शंका असते. मग पोटॅशिअम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यातून खळबळून काढायचं, प्रत्येकाचं वेगळं तोलायचं. रजिस्टरात दोन रकाने: दिलं किती, उरलं किती. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. वाघ आजार लपवतो. डोळे, नाक, चाल यांत काही दिसायच्या दोन दिवस आधी तो दोन किलो मांस उरवतो.

खाटीकखाना बंद असला, सण आला, संप झाला, तर तीन-चार दिवसांचा साठा उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये हवा, आणि फ्रीजरला जनरेटर. गोठलेलं मांस फ्रीजमध्येच चोवीस तास ठेवून उतरवायचं. नागपूरच्या मे महिन्यात ते बाहेर ओट्यावर काढून ठेवणं म्हणजे बाहेरून सडकं आणि आतून बर्फ असं काहीतरी वाघापुढे टाकणं.

कोंबडी हा स्वस्त पर्याय वाटतो. त्यातला धोका नागपूरने जवळून पाहिला आहे. डिसेंबर २०२४च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अहवालात एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू निघाला. मार्जारांना पक्ष्यांचा हा ताप होतो हे २००४मध्ये थायलंडमधल्या एका व्याघ्रसंग्रहालयात दिसलं होतं. तिथे कच्च्या कोंबड्यांतून तो पसरला, आणि मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. कोंबडी द्यायचीच तर तपासलेल्या ठिकाणची आणि पूर्ण शिजवलेली, पण हाड काढून. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि घशात रुततं. आणि पाण्याच्या टाक्यावर बसणाऱ्या कावळ्या-बगळ्यांचा बंदोबस्तही त्याच यादीत येतो.

औषधाआधी झाडू

नव्या जनावराला निदान तीस दिवस वेगळं ठेवायचं. वेगळी माणसं, वेगळे बूट, वेगळा झाडू. तीन वेळा विष्ठा तपासायची, जंताचं औषध, रक्त. लसी मार्जारांच्या, पण मृत विषाणूंच्या. जिवंत-दुबळ्या विषाणूची लस रानमांजरकुळाला कधीकधी तोच रोग देते. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा दुसरा वैरी. २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या एका भागात २३ सिंह मेले, त्यात याच विषाणूचा हात होता. म्हणजे केंद्राच्या कुंपणाबाहेरच्या मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे वाघाच्या औषधपाण्यातच धरायचं. पावसाळ्यात गोमाश्या येतात, त्यांच्या चावण्यातून सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. जुलै २०००मध्ये ओडिशाच्या नंदनकाननमध्ये त्याच रोगाने बारा वाघ गेले. शेणकचरा, साचलेलं पाणी, उंच गवत काढणं हा त्यावरचा पहिला उपाय.

आणि एक गोष्ट जी साध्या माणसाला ठाऊक नसते: फिनाईल. घर, दवाखाना, संडास, सगळीकडे आपण तेच वापरतो. मार्जारांचं यकृत ते पचवून बाहेर टाकू शकत नाही. ओल्या फरशीवर चालून वाघ पंजे चाटतो, ते पोटात जातं. पॅरासिटामॉलचंही तसंच, माणसाला साधी असणारी ती गोळी मांजरकुळाला जीवघेणी. खोली धुवायला साधं पाणी, ब्रश, आणि जनावर दुसरीकडे असताना ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी. ते पूर्ण धुऊन, वाळवून मगच दरवाजा उघडायचा.

बेशुद्ध करणं हे लोकांना वाटतं तसं सिनेमातलं नाही. डार्ट लागल्यावर जनावर लगेच कोसळत नाही. केटामाइन-झायलाझिन ही भुलीची औषधं चढायला पाच-दहा मिनिटं, चिडलेलं असेल तर वीससुद्धा लागतात. तेवढ्या वेळात ते बरंच काही करू शकतं. झायलाझिनने उलटी होते, म्हणून आदल्या दिवशी उपास. उन्हाळ्यात हे काम सूर्य वर येण्याआधी उरकायचं, कारण बेशुद्धीत अंग तापतं आणि ४१ अंशांपुढे गेलं की मेंदूला इजा होते. पाण्याचे डबे आणि बर्फ शेजारी तयार ठेवायचा. यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे दाबपिंजरा, म्हणजे भिंत सरकवून जनावराला जागीच धरणारा पिंजरा, आणि सराव. चिमट्याने मांसाचा तुकडा देत देत वाघाला जाळीला अंग लावून उभं राहायला, शेपूट बाहेर द्यायला शिकवता येतं. तीन-चार महिने रोज दहा मिनिटं. मग शेपटीतून रक्त काढतानाही तो सहसा शांत उभा राहतो.

नागपूरचा उन्हाळा

पारा ४५च्या वर गेला की वाघ खाणं कमी करतो, ते चालू द्यायचं. जेवण संध्याकाळी उशिरा. बाहेर हिरवी जाळी, झाडाची सावली आणि बसता येईल एवढं उथळ टाकं. वाघ पाण्यात बसतो, बिबट्या आणि सिंह बहुतेक टाळतात, त्यांना तुषार लावायचे. खोल्यांना कूलर लागतोच, आणि तो बोळाच्या बाजूने, जनावराच्या पंजाच्या टप्प्याबाहेर. पाण्याची नळी आणि वायर यांना वाघ खेळणं समजतो. दर उन्हाळ्यात आपल्या शहरात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, मग ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या वाघाचं काय होईल ते सांगायला नको. प्रत्येक कूलरला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारं यंत्र हवंच. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर बंद करून एग्झॉस्ट पंखे लावायचे. वाळ्याचे-गवताचे पडदे तेव्हा नुसती बुरशी फेकतात.

हिवाळ्याचं कुणी बोलत नाही, पण डिसेंबरच्या रात्री इथे पारा दहाच्या खाली उतरतो. सिमेंटच्या फरशीवर झोपून म्हाताऱ्या वाघांच्या कोपरांना घट्टे पडतात, ते फुटून जखमा होतात. फूटभर उंचीची लाकडी फळी आणि वर तणस. बिबट्याला तीच फळी डोक्याच्या वर हवी, मचाणासारखी. उंचावर बसलेला बिबट्या रात्रभर येरझारा घालत नाही.

येरझारांवरून आठवलं. तीच वाट, तेच वळण, तासन्‌तास. लोकांना ते ऐटीत चालणं वाटतं. तो कंटाळ्याचा आजार आहे. सांबराची लेंडी, हत्तीची विष्ठा, दालचिनी-जिरं शिंपडलेलं पोतं, नखं घासायला सागाचा ओंडका, आणि मांस रोज वेगळ्या जागी लपवणं यांनी तो कमी होतो. टायर नको, आतली तार दातात जाते.

पिल्लं नकोत, फोटो नकोत

खऱ्या आश्रयस्थानाची परीक्षा तीन प्रश्नांत होते. तिथे पिल्लं जन्मतात का? पाहुण्यांना जनावराला हात लावता येतो का? जनावरं विकली-बदलली जातात का? एकालाही 'हो' असेल तर तो धंदा. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू जंगलात जाणार नाही आणि वीस वर्षं एक खोली अडवेल, त्या खोलीत उद्या येणाऱ्या जखमी जनावराला जागा नाही. पांढऱ्या वाघांचं तर विचारूच नका. बंदिवासातले जवळपास सगळे पांढरे वाघ १९५१मध्ये रीवा संस्थानात पकडलेल्या मोहन या एका नरापर्यंत मागे जातात. रंग टिकवण्यासाठी बाप-लेकीचे जोड लावले गेले, आणि तिरळे डोळे, वाकडा कणा हे पिढ्यान्‌पिढ्या सोबत आले. जंगल वाचवण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

नर-मादी वेगळे ठेवणं हा सोपा उपाय. सिंह कळपात राहतो, त्याला एकटं ठेवणं ही शिक्षा होते, म्हणून नराची नसबंदी करतात. वृषण काढत नाहीत, कारण काढले की आयाळ झडते आणि कळपातल्या माद्याही त्याला वेगळं वागवायला लागतात.

पैसा कुठून येतो

दत्तक योजना तुम्ही ऐकली असेल. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती आहे. वर्षाचा खर्च द्या, पाटीवर नाव लागतं. वाघाला दाते मिळतात. बिबट्याला कमी. तीन पायांच्या, एक डोळ्याच्या बिबट्याला सहसा मिळत नाही, आणि खर्च त्याचाच जास्त. कंपन्यांच्या सीएसआर निधीतून पिंजरा बांधून मिळतो, रुग्णवाहिका मिळते, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं. सफाई कामगाराचा पगार, खाटकाचं बिल, विजेचं बिल यांचं उद्घाटन होत नाही. म्हणून चांगली संस्था मुदत ठेवीसारखा कायम निधी उभारते, ज्याच्या व्याजातून मांस आणि पगार निघतात, आणि तो पुरणार नसेल तर नवं जनावर घ्यायला नकार देते. हा नकार निष्ठुर वाटतो. पण एक खोली नेहमी रिकामी ठेवली नाही, तर नाला फुटला त्या दिवशी वाघ हलवायचा कुठे?

संस्थेला देणगी देणार असाल तर प्राधिकरणाचं मान्यतापत्र, जनावरांची वर्षाची जन्म-मृत्यूची नोंद आणि ताळेबंद मागा. जन्माचा रकाना शून्य असायला हवा. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर कुठल्याही संस्थेआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन.

शेवटचं वर्ष

पंधरा-सोळा वर्षांचा वाघ पाणी जास्त प्यायला लागतो. मूत्रपिंड थकलेलं असतं. म्हाताऱ्या मोठ्या मार्जारांचं हे नेहमीचं दुखणं. मांस लहान तुकड्यांत, हाड कमी, फळी जमिनीपासून वीतभर. माच चढता येईना की तणस दुप्पट. काही दिवस तो क्रालपर्यंतच जातो, मग तेही नाही.

मेल्यावरही काम संपत नाही. दोन पशुवैद्यक शवविच्छेदन करतात, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांचे नमुने सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातात. मग पंचनामा: पुढच्या दोन पायांची दहा आणि मागच्या दोन पायांची आठ, अशी अठरा नखं. चार सुळे. मिशा, कातडी शाबूत आहे की नाही. सगळं मोजून, फोटो काढून, अधिकाऱ्यांच्या समोर अख्खं शव जाळायचं, राखेत काही उरलं नाही ना ते बघूनच लोकांनी जायचं. एक नख कमी भरलं तर चौकशी लागते.

खोली गरम पाण्याने धुतात, फ्लेम गनने भिंती आणि गज भाजतात, पट्टीतली हाडं खरवडून काढतात आणि खोली काही दिवस ऊन लागेल अशी उघडी ठेवतात. भिंतीवरची पाटी लाल असते. आत कुणी नाही हे माहीत असूनही माणसं दांडा उलटा ओढून बघतात.